पाच खुंट्या

काल आपण दोन गुणांनी हरलो
आणि आज सकाळपासून मिरजेच्या ह्या गल्लीत
एकाही भोपळ्याला कुणी हात लावला नाही.

दिलावरचाचांनी फरशीवर खडूनं मैदान आखलं.
लाखेच्या डब्यांची दोन झाकणं, दोन टोकांना.
मधे सतारीच्या पाच खुंट्या उभ्या केल्या,
शिसवीच्या, अजून पॉलिश न लागलेल्या.
'आता सांगा,' म्हणाले, 'शेवटच्या मिनिटाला कोण कुठं होतं.'
पंचनामाच तो. फक्त खडूची रेघ मढ्याभोवती नव्हती.

भूपाल मगदूम हळदीच्या अडतीवरून आलेला,
नखं पिवळी, आवाज सौद्यातला:
'झोन लावलाच कशाला?
त्यांचा तो लांबडा तीनदा कोपऱ्यातून टाकून गेला,
तरी ह्याचं आपलं झोन ते झोन.
दर पडायला लागला की शहाणा माल थांबवतो.
हा पडत्या दरात पोती सोडत बसला.'

हुक्केरी सरांचं नाव कुणीच घेत नव्हतं.
नुसतं 'हा'. 'ह्याला'. 'ह्याच्या डोक्यात'.
माणूस बेळगावचा.
जिंकलो की बेळगाव इथंच, म्हैसाळच्या पलीकडं;
हरलो की बरंच लांब जातं.

आणि यासीन? आमच्या गल्लीचं पोर,
दारातनं आत येताना अजून वाकतं,
ते शेवटची सहा मिनिटं बेंचवर,
मांडीवर टॉवेल.
'पोरानं चौदा गुण केलेते!' चाचांनी खुंटी आपटली.
'आणि चार फाउल,' जिन्यावरून एस्तेर.
मिशन हॉस्पिटलची रात्रपाळी करून आलेली,
वरच्या खोलीत झोपायला निघालेली, झोपली मात्र नाही.
कॉलेजात पॉइंट गार्ड होती हे ती सांगत नाही,
तिची वाकडी करंगळी सांगते.
'जपून ठेवला, ते बरोबरच,' ती म्हणाली,
'पण जपलेलं काढायचं कधी? पेशंट गेल्यावर?'

ह्यावर सगळेच एकदम बोलले.
मी खुंट्या सावरत होतो, सारख्या पडत होत्या.
एकटे यासीनचे वडील कोपऱ्यात
मान खाली घालून घोडी घासत होते.
खर्र. थांबून फुंकर. खर्र.

साडेअकराला दारात सावली.
हुक्केरी सर. खांद्याला गवसणीतला तंबोरा, मुलीचा.
'जवारी गेलीय,' म्हणाले.

भूपालला अचानक अडत आठवली, पण उठवेना.
चाचांनी 'बसा, बसा' करत स्वतःचा पाट सरकवला,
चहा सांगितला, तोही स्पेशल.
झोन हा शब्द मराठीतूनच नाहीसा झाला.

यासीनच्या वडिलांनी तंबोरा घेतला,
एक तार छेडली, कान भोपळ्याला लावला.
'दोन दिवस लागतील.'
मग, तारेशीच बोलल्यासारखं:
'रात्रभर शेकला घोटा. सूज उतरलीय.'
'कुणाला सांगू नका म्हणाला होता मला,' सर म्हणाले.
'मलाही.'

चहा आला. गरम होता म्हणून
सगळ्यांना खाली बघायला कारण मिळालं.

जाताना सर खडूच्या रेघेपाशी थांबले.
चप्पल बाहेरच होती, तरी पाय जपून टाकला.
वाकले, एक खुंटी उचलली,
झाकणाच्या बाजूला वीतभर सरकवून ठेवली
आणि गेले.

बराच वेळ कुणी काही नाही.
'कुणाची होती ती?' भूपालनं शेवटी विचारलं.
चाचा म्हणाले यासीनची. एस्तेर म्हणाली, नाही,
ती डावीकडच्या गार्डची, आणि तिथं तो उभा असता तर
लांबड्याला कोपरा मिळालाच नसता,
आणि तरीही, तरीही चाचा...
झालं. पुन्हा सुरू.

धारवाडच्या गिऱ्हाइकाची सतार शुक्रवारी द्यायचीय.
तिला एक खुंटी कमी पडते.
मी नवीन कातायला घेतलीय.
फरशीवरचीला हात लावायला
सध्या तरी
गल्लीत कुणाची छाती नाही.